गाडीचा एसी आणि भाऊचा कापूस

खामगाव मागे पडलं आणि एसीतून गरम वारा यायला लागला. आधी मला वाटलं, आपल्यालाच तसं वाटतंय. पंचायत समितीतून निवृत्त झाल्यापासून मला बऱ्याच गोष्टी उगाच वाटतात, असं माझ्या बायकोचं, पुष्पांजलीचं, मत आहे. म्हणून मी बटण आणखी एक घर पुढे फिरवलं. वारा वाढला, आणि जेवढा वाढला तेवढाच तापला. बाहेर एप्रिलचं ऊन होतं. मागच्या सीटवर माझी तानावहिनी डोळे मिटून बसली होती. तिच्या शेजारी थोरला भाऊ भगवंतराव मांडीवर औषधांची पिशवी धरून ताठ बसला होता. गाडी सख्ख्या भावाची असली तरी भाऊ तिच्यात असा बसतो, की कोणी 'उतरा' म्हटलं तर वेळ लागायला नको.

"काऊन रे गोकुळ," भाऊ म्हणाला, "हे मशीन उलटं चालून राह्यलं का?"

"होईन थंड. ऊन जास्त हाये नं."

"ऊन जास्त हाये म्हणूनच तं मशीन हाये!"

मी बटण एक घर मागे घेतलं. काचा खाली करायचीही सोय नव्हती. वहिनीला दम लागायचा. अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, की धूळ, धूर, कापसाची कुसळं यांतलं काहीही तिच्या नाकात जाता कामा नये. आणि आमच्या महामार्गाचं काम तर असं, की त्या रस्त्यानं गेलेला माणूस परत येताना अर्धा रस्ता अंगावर घेऊन येतो. तेव्हा काचा गच्च बंद करून, गरम वाऱ्याच्या झोतात, आम्ही तिघे बाळापूरपर्यंत भाजत गेलो. तिथे गर्दीत गाडी अडकली. बाजूला माणसांनी खच्चून भरलेली एक काळीपिवळी जीप उभी होती. तिच्या दाराला लटकलेल्या गृहस्थानं आमच्या बंद काचांकडे पाहून मोठ्यानं म्हटलं, "मजा हाये बाप्पा गाडीवाल्याइची! आतमंदी काश्मीर असंन." मी त्याच्याकडे पाहून काश्मीरमध्ये बसलेला माणूस हसेल तसा हसलो. घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरत होता, पण माणसानं आपली पायरी सोडू नये.

आता हा एसी का बिघडला, ते सांगतो. तो कापसामुळे बिघडला. कापसाचा आणि एसीचा काय संबंध, असं मीही विचारलं होतं.

माझा भाऊ दरवर्षी दिवाळीला कापूस विकायचा आणि तो विकला की पुढच्या आठवड्यात भाव चढायचा. हे इतक्या नेमानं व्हायचं, की गावातले लोक त्याला विचारत, "भगवंतराव, तुमचा गेला का? मंग आमी काढतो." आदल्या साली तर कहर झाला. ज्यांनी उन्हाळ्यापर्यंत कापूस घरात दाबून ठेवला त्यांना असा भाव मिळाला की तसा कोणाच्या आजानंही पाहिला नव्हता. म्हणून यंदा भाऊनं ठरवलं, दिवाळीचा भाव कानावरही घ्यायचा नाही, कापूस घरातच ठेवायचा. अडचण एवढीच, की आख्ख्या जिल्ह्यानं तेच ठरवलं होतं. बैठकीत कापूस, माजघरात कापूस, पलंगाखाली कापूस. लोक कापसावर झोपत आणि कापसात जेवत. त्यात बोंडअळीचा माल, त्यानं अंगाला खाज सुटे. त्या साली लग्नाच्या पंक्तीत पाहुणे एका हातानं जेवत आणि दुसऱ्या हातानं खाजवत. भाव मात्र दर आठवड्याला एक पायरी खालीच उतरत होता.

भाऊच्या डोक्यावर कोणाचा एक पैसा नव्हता. विकायची घाई नाही, याचा त्याला केवढा अभिमान! "ज्याले गरज हाये तो इकते," तो म्हणायचा. "मले गरज नाही."

वहिनीचा दम वाढला तो माघ महिन्यात. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून पाहिला, मग विचारलं, "घरात कापूस आहे का?"

भाऊ म्हणाला, "घरात कापूस नाही साहेब. कापसात घर हाये."

डॉक्टर हसले नाहीत. कापूस तरी बाहेर काढा नाहीतर बाईंना तरी, असं त्यांनी सांगितलं. परत येताना भाऊनं नांदुऱ्याच्या मोठ्या मारुतीपाशी गाडी थांबवायला लावली. तिथे हात जोडून झाल्यावर म्हणाला, "गोकुळ, तुह्या पोर्चात जागा हाये नं? चार दिवस. भाव निघाला की उचलतो."

मोताळ्याच्या माझ्या घराला जो पोर्च आहे तो मी खास गाडीसाठी बांधला होता. गाडी जुनी, दुसऱ्याची वापरलेली. पण पोर्च नवा. त्याच्या दोन्ही खांबांना मी गुलाबी फरशी लावली होती. त्या पोर्चमध्ये भाऊचा कापूस आला. पहिल्या दिवशी कमरेपर्यंत होता, दुसऱ्या दिवशी छताला लागला. उरलेला बैठकीच्या खोलीत शिरला आणि मी व पुष्पांजली स्वतःच्या घरात मागच्या दारानं जाऊ-येऊ लागलो. आठवड्याभरात गावात बातमी पसरली की पंचायत समितीच्या गोकुळरावांनी कापसाची खरेदी सुरू केली. एका सकाळी एक अनोळखी शेतकरी भरलेली बैलगाडी घेऊन दारात उभा! त्याला मी समजावून सांगितलं, तर तो म्हणाला, "कमी भाव देता तं द्या, पण असं तोंडावर नाही म्हणू नका." त्यानंतर बाजार समितीचा एक माणूस खरेदीचा परवाना पाहायला आला. आयुष्यभर मी लोकांना कागद आणायला पाठवलं. त्यानं मला चार वेळा पाठवलं. हा कापूस माझा नाही, हे सिद्ध करायला जेवढे दाखले लागले तेवढे माझं घर माझं आहे हे सिद्ध करायलाही लागले नव्हते.

पण भाऊला नाही म्हणण्याचा प्रश्न नव्हता. तो भाऊ होता म्हणून नव्हे, वहिनीसाठी. माझ्या मॅट्रिकच्या फॉर्मवर घरच्यांची सही हवी होती आणि भाऊ वखरणी सोडून यायला तयार नव्हता, तेव्हा ही बाई शेतातून उठून पायी मोताळ्याला आली होती. हेडमास्तर म्हणाले, अंगठा चालणार नाही. त्यावर वहिनी म्हणाली होती, "एक अंगठा लहान पडला तं दुसरा बी देते, पण पोराले बसू द्या." मी मॅट्रिक झालो, नोकरीला लागलो, तो त्या अंगठ्यावर.

तर पोर्चमध्ये कापूस आणि गाडी बाहेर, शेजारच्या गुलाबरावांच्या भिंतीलगत, कडुनिंबाखाली. गुलाबराव एसटीत कंट्रोलर होते. गाडी तिथे उभी करायला त्यांनी मोठ्या मनानं परवानगी दिली आणि तिच्याबरोबर स्वतःचा सल्लाही कायमचा जोडून दिला.

त्या गरम प्रवासानंतर मी गाडी अकील मिस्त्रीकडे नेली. अकील हा आमच्या भागातला एसीचा एकमेव जाणकार. म्हणजे एकमेव असल्यामुळे जाणकार. त्यानं बोनेट उघडलं, आत तोंड घातलं आणि तिथूनच सांगितलं, "गॅस गेला साहेब."

"कुठं गेला?"

"गॅसच तो. जाते."

गॅस भरला. मोताळ्यात दोन दिवस गाडीत अशी थंडी पडली की पुष्पांजलीनं शाल पांघरली. तिसऱ्या दिवशी एसी सुरूच होईना. पुन्हा अकील. पुन्हा बोनेट. या वेळी त्यानं वायरचा कुरतडलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"उंदीर!"

"उंदराले वायरमंदी काय भेटते?"

"आता वायरीचं पिलास्टिक सोयाबीनपासून बनवते म्हणे साहेब."

भाऊ बाजाराला आला होता, तो शेजारीच उभा होता. तो गंभीरपणे म्हणाला, "सोयाबीन बी उंदरालेच चालून राह्यलं म्हणा. म्हणूनच आमाले भाव नाही."

वायरी बदलल्या. गुलाबरावांनी सांगितलं, बोनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवा, उंदीर फिरकणार नाही. ठेवली. आठवड्यानं पाहिलं तर पानं नाहीशी झाली होती आणि वायरी पुन्हा कुरतडलेल्या. "सवय लागली असंन," अकील म्हणाला. मग डांबरगोळ्या टाकल्या. त्यांच्या वासानं वहिनीला गाडीत बसल्या बसल्या उबळ आली, म्हणून त्या एकेक वेचून काढाव्या लागल्या. मग गुलाबरावांनी आपली मांजर दिली. ती दिवसरात्र बोनेटवर बसायची, रस्त्याकडे तोंड करून, आणि तिच्या पोटाखाली, पत्र्याच्या आत, उंदीर आपला संसार करायचे. ती असल्यामुळे बाहेरच्या मांजरांचा त्यांना त्रास नव्हता.

गाडीचा विमा होता. गुलाबराव म्हणाले, विमा कशासाठी असतो? मी अर्ज केला. पाहणीसाठी एक तरुण मुलगा आला. त्यानं गाडीभोवती फिरून सगळीकडून फोटो काढले, मांजरीचाही काढला, आणि म्हणाला, "सर, कुरतडणं ही हळूहळू होणारी झीज आहे. नुकसान अचानक झालेलं पाहिजे."

"उंदीर अचानकच आला होता," मी म्हणालो.

"त्याचा काही पुरावा?"

भाऊ ओट्यावर बसून ऐकत होता. पीकविम्याच्या बाबतीत तो जुना खेळाडू. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "बहात्तर तासांत कळवलं व्हतं का?"

"काय?"

"उंदीर आल्याचं. माह्या वावरात बोंडअळी आली तवा मले इचारे, अळी कोणत्या तारखेले आली? म्या म्हतलं, मले सांगून नाही आली. गेलं मंग नामंजूर." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "आता तुले समजलं."

विमा नामंजूर झाला. त्या दिवशी भाऊ जेवायला थांबला आणि फार खुशीत जेवला. नोकरीवाला भाऊ आपल्या बरोबरीला आल्याचा तो आनंद असावा.

एसीचं दुखणं मात्र संपेना. मेच्या सुरुवातीला अकीलनं सांगितलं, कॉम्प्रेसर गेला. हा भाग खामगावहून मागवावा लागला. त्याची किंमत मी पुष्पांजलीला सांगितली नाही. तिनं ती अकीलला फोन करून विचारली आणि दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "वहिनींसाठी आहे म्हणून. नाहीतर तुमच्या गाडीत बर्फाची लादी ठेवून फिरा म्हटलं असतं."

कॉम्प्रेसर नवा आल्यावर हवा थंड झाली, पण येईना. म्हणजे पंखा घरघर आवाज करायचा आणि जाळीतून झुळूक तेवढी निघायची. तिला एक कुबट वासही होता. अकील म्हणाला, "नवीन पार्ट हाये, जमायले टाइम लागते." वहिनीची अकोल्याची तारीख दुसऱ्या दिवशी होती. मागच्या सीटपर्यंत वारा पोहोचत नव्हता, तेव्हा मी म्हणालो, "वहिनी, तू पुढं बस. सरळ तोंडावर येते."

ती पुढे बसली. भाऊनं मागून वाकून जाळीच्या पट्ट्या आपल्या हातानं तिच्या तोंडाकडे वळवल्या. "घे," तो म्हणाला, "आख्खा तूच घे."

मी पंखा शेवटच्या घरावर ठेवला. नांदुऱ्याच्या आधीच वहिनीला खोकला सुरू झाला. मला वाटलं थंड हवेमुळे असेल, म्हणून थंडी कमी करून वारा तसाच ठेवला. ती खोकत होती आणि मध्येच हातानं खुणावत होती, बरं आहे, बरं आहे. आपल्या धाकट्या दिरानं एवढी खटपट करून आणलेला वारा नको म्हणायचा तिचा स्वभाव नव्हता. खामगावला तिचे ओठ निळसर दिसायला लागले. तिथून अकोल्यापर्यंत मी गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. भाऊचा हात मागून तिच्या खांद्यावर होता एवढं आठवतं.

तिला लगेच ऑक्सिजन लावला. डॉक्टर बाहेर आले ते चिडलेलेच होते. "मी सांगितलं होतं ना, कापूस घरातून काढा म्हणून?"

"कवाचाच काढला साहेब," भाऊ म्हणाला. "घर पोतारून घेतलं. एक बोंड नाही घरात. देवाची शप्पथ."

"मग हिच्या फुप्फुसात एवढं जातंय कुठून?"

 खरंच आम्हाला ठाऊक नव्हतं.

वहिनी दवाखान्यातच राहिली. पुष्पांजली तिच्याजवळ थांबली आणि मी व भाऊ कपडे आणायला मोताळ्याला आलो. जाता जाता गाडी अकीलला दाखवावी, वहिनीला घरी आणताना तरी वारा नीट हवा, असं मी म्हणालो. अकीलनं सगळं नेहमीप्रमाणे पाहून झाल्यावर सांगितलं, आता ब्लोअरच बदलावा लागते, आणि तो काढायला तो डॅशबोर्डाखाली पाठीवर झोपला. झाकण सुटलं आणि त्याच्या तोंडावर काहीतरी पडलं. तो थू थू करत बाहेर आला.

"साहेब, गाडीत गादी भरून ठेवली का?"

त्याच्या केसांवर, मिशीवर कापूस होता. त्यानं हात आत घातला आणि मूठभर ओढून काढला, मग आणखी मूठभर. त्यात उंदराच्या लेंड्या होत्या आणि शेवटच्या मुठीबरोबर गुलाबी कातडीची, डोळे न उघडलेली चार-पाच पिल्लं बाहेर आली. पोर्चमधला कापूस उंदरांनी रोज थोडा थोडा नेऊन आत घर केलं होतं. पंख्याच्या पात्यांनी पिंजून त्याचा बारीक भुगा झाला होता. बोट लावलं की हवेत उडत होता. अकील आधी हसत होता. मग त्यानं आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि थांबला.

भाऊ खाली बसला. त्यानं चिमूटभर कापूस उचलून दोन बोटांनी ओढला, धागा किती लांब निघतो ते पाहिलं. पन्नास वर्षांची सवय. "माहाच हाये," तो म्हणाला.

मग त्यानं अकीलला विचारलं, "हा पंखा वारा कुठं फेकते?"

"हा?" अकील जरा चाचरला. "इथून पाइप जाते काका. सीधा समोरच्या सीटवर."

भाऊ उठून पुढच्या सीटवर जाऊन बसला. जिथे वहिनी बसली होती तिथेच. जाळीच्या पट्ट्या अजून तशाच वळवलेल्या होत्या. त्यांच्यासमोर त्यानं तळहात धरला. पंखा बंद होता, तरी बराच वेळ तो तसाच हात धरून बसला. मी त्याला उतर म्हणालो नाही. अकीलनं त्या दिवसाची मजुरी घेतली नाही, आणि मी ती द्यायला विसरलो, ते दोन्ही फार दिवसांनी माझ्या लक्षात आलं.

तिथून भाऊ सरळ चालत व्यापाऱ्याकडे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात ट्रक उभा होता. वजनकाट्यापाशी गल्ली जमली. जो तो सांगत होता, आता कायले इकता, एवढं थांबले तं आणखी थांबा. गुलाबराव तर कळकळीनं म्हणाले, "भगवंतराव, जूनमध्ये भाव नक्की वाढतो. मी पेपरात वाचलंय."

"वाढू द्या," भाऊ म्हणाला.

व्यापारी भाव सांगायला लागला तर भाऊनं हातानंच थांबवलं. दिवाळीला मिळत होता त्याहूनही तो बराच खाली आला होता, हे मला नंतर कळलं. ट्रक गेल्यावर भाऊनं कोणालाही हात लावू न देता पोर्च स्वतः झाडला, मग धुतला, मग खांबांच्या गुलाबी फरशा ओल्या फडक्यानं पुसल्या. एवढ्या स्वच्छ त्या लावल्या दिवशीही नव्हत्या.

दवाखान्यात वहिनीची ऑक्सिजनची नळी निघाली होती, आणि कापूस विकल्याचं पुष्पांजलीनं तिच्या कानावर घातलं होतं. तिनं पहिलं विचारलं, "कापूस कितीले गेला?"

"चांगला गेला."

"मंग तोंड काऊन असं?"

"ऊन लागलं," भाऊ म्हणाला, आणि पाणी आणायला म्हणून बाहेर गेला.

गाडीत काय सापडलं ते वहिनीला सांगायचं नाही, असं पुष्पांजलीनं आम्हाला बजावलं होतं. आम्ही सांगितलं नाही. पण भाऊ बाहेर गेल्यावर वहिनी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "गोकुळ, तुह्या गाडीत बसलं का मले कापसाचा वास ये."

मी उशाजवळची औषधांची पिशवी आवरायला लागलो.

"मले वाटलं, तुह्या भाऊच्या सदऱ्याचा अशीन," ती म्हणाली. "म्हणून बोलली नाही. त्याले उगाच लाज वाटली असती, गाडीत बसाले."

  

ती वाचली. फुप्फुसं मात्र पहिल्यासारखी होणार नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, कापसाच्या हवेत आता आयुष्यात जायचं नाही. भाऊनं ते मान खाली घालून ऐकलं आणि मृगात शेतात एकही सरकी लावली नाही; सगळं सोयाबीन आणि तूर. तेवढ्यानं वहिनी गावी येईल असं त्याला वाटलं होतं. पण बांधाच्या चहूबाजूंनी दुसऱ्यांच्या कापसाची पऱ्हाटीच होती, घराच्या दोन्ही अंगांना दुसऱ्यांची कापूस भरलेली माळवदाची घरं होती. एकट्या माणसानं पेरणी बदलून गावाची हवा बदलत नाही. वहिनी माझ्या घरी, दोनदा धुऊन काढलेल्या बैठकीच्या खोलीत राहिली. भाऊ गावी राहिला, कारण शेत आणि बैल मोताळ्याला आणता येत नाहीत. बाजाराच्या दिवशी तो यायचा. आधी मागच्या नळावर आंघोळ करायचा, माझी पँट आणि सदरा घालायचा, आणि मग नवऱ्या मुलासारखा संकोचत बैठकीत जाऊन तिच्यासमोर खुर्चीवर बसायचा. माझ्या पँटीत तो जरा बुटका दिसायचा. वहिनी तोंडाला पदर लावून हसायची.

दसऱ्याच्या सुमाराला ती त्याला म्हणाली, "मले एकडाव वावर दाखवा नं. उतरत नाही मी. काचा लावून पायते."

डॉक्टरांना फोन केला. एका अटीवर ते हो म्हणाले, "काचा उघडायच्या नाहीत." अकीलनं पंखा, जाळ्या, नळ्या सगळं पुन्हा उघडून धुऊन दिलं. वेचणीच्या दिवसांत, दुपारच्या सुमाराला, मी वहिनीला घेऊन गावाकडे निघालो. ती पुढे बसली. एसी उत्तम चालला होता, इतका उत्तम की तो कधी बिघडलाच नव्हता असं वाटावं. भाऊ सकाळपासूनच शेताच्या वाटेवर आमची वाट पाहत थांबला होता.

दोन्ही बाजूंना पऱ्हाटी फुटली होती. वहिनी काचेला कपाळ टेकवून पाहत होती. एकेक शेत ओळखून ती मला सांगत होती, हे कोणाचं, हे कोणाचं, इथं माहं खुरपं हरपलं व्हतं. भाऊ होता तिथे मी गाडी थांबवली. पलीकडच्या शेतात बाया वेचत होत्या. त्यांनी गाडी पाहिली, मग आत कोण आहे ते पाहिलं, आणि कमरेच्या कापसानं भरलेल्या ओट्या सावरत धावत आल्या. "तानाबाई व! तानाबाई!" काचेभोवती सगळी तोंडं जमली. आशाबाईनं, जिच्याबरोबर वहिनीनं तीस वर्षं एका ओळीत वेचणी केली होती, काचेवर हात ठेवला. वहिनीनं आतून तिथेच आपला हात ठेवला. बाया सगळ्या एकदम बोलत होत्या. लेकीचं लग्न, सुनेचं बाळंतपण, कोण गेलं, कोण आलं. हातवाऱ्यांवरून मला तेवढं समजत होतं. वहिनी सगळ्यांना मान डोलवत होती.

भाऊ त्यांच्या मागे, गाडीपासून जरा लांब उभा होता. सदरा शेतातला होता, म्हणून तो जवळ येत नव्हता.

"काय म्हणून राह्यल्या रे?" वहिनीनं मला विचारलं.

"मले बी ऐकू येत नाही."

तिनं जाळीकडे बोट केलं. "हे बंद कर. याच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही."

"गरम होईन वहिनी. काचा नाही उघडता येत."

"होऊ दे."

मी एसी बंद केला. गाडी एकदम शांत झाली, आणि काचेपलीकडून बायांचे आवाज बारीक, पण स्पष्ट, आत यायला लागले. वहिनी पुढे सरकली आणि तिनं कान काचेला लावला. ऑक्टोबरचं ऊन टपावर तापत होतं. तिच्या मानेवरून घाम ओघळायला लागला, माझ्याही. बऱ्याच वेळानं मी बटणाकडे हात नेला, तर तिनं माझ्याकडे न पाहता तो धरून ठेवला.